नागपुरात घर विकायचंय? पैसा कुठे लावायचा आणि हात कुठे आखडायचा

मानेवाडा भागातलं आमचं घर १९९४ सालचं. १५०० चौरस फुटांचा प्लॉट, खाली तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे संडास-बाथरूम, वर मोकळी गच्ची. बाबा गेल्यावर आई दादाकडे पुण्याला राहायला गेली आणि घर विकायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात एका ठेकेदाराने ४ लाख ८० हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. त्यात नवी टाइल्स होती, स्वयंपाकघरात ट्रॉल्या होत्या, हॉलला फॉल्स सीलिंग होतं. ‘असं केलं तर पार्टी लगेच हो म्हणते,’ असं त्याचं म्हणणं. शेवटी आम्ही ६९ हजार ६०० रुपये खर्च केले आणि घर नीट विकलं गेलं. त्याआधी कामांचा क्रम चुकल्यामुळे आणखी ६ हजार वाया गेले होते. ती चूक पुढे सांगतो, कारण ती बहुतेक घरांत होते.

घर पाहायला येणारा माणूस तुमची आवड विकत घ्यायला येत नाही. तो शंका घेऊन येतो. पाणी गळतं का, भिंत का तडकली, कागद साफ आहेत का, पावसात अंगणात पाणी भरतं का. जो खर्च यातली एखादी शंका मिटवतो तो करावा. जो खर्च फक्त शोभा वाढवतो तो घेणाऱ्यावर सोडावा.

पायरी १ : घेणारा राहायला येणार की पाडायला?

हे आधी ठरल्याशिवाय एक रुपयाही काढू नका. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर, धरमपेठ या भागांत जुनं स्वतंत्र घर विकलं जातं तेव्हा किंमत मुख्यतः प्लॉटची असते. रुंद रस्ता, कॉर्नर, चांगला फ्रंट असेल तर घेणारा बरेचदा घर पाडून मजले चढवणारा असतो. त्याला तुमच्या रंगाशी काही देणंघेणं नाही. त्याला प्लॉटची मापं, रस्त्याची रुंदी आणि कागद हवेत. अशा घराला रंग देणं म्हणजे पाडायच्या भिंतीवर पैसे लावणं. तिथे झाडझूड करा, मोजणी करून घ्या, सीमेच्या खुणा दिसतील एवढं कुंपण साफ करा आणि थांबा.

मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, मनीषनगर, नंदनवनच्या आतल्या गल्ल्यांमध्ये मात्र स्वतः राहायला येणारी कुटुंबं जास्त भेटतात. फ्लॅटला तर राहणारा किंवा भाड्याने देणाराच भेटणार. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

अंदाज घ्यायला आपल्याच भागातल्या तीन वेगवेगळ्या दलालांना विचारा आणि प्रश्न तोच ठेवा, ‘या गल्लीत गेल्या वर्षभरात काय विकलं गेलं आणि घेणाऱ्याने पुढे त्या घराचं काय केलं?’ ‘माझ्या घराचे किती येतील?’ असं विचारलं की प्रत्येक जण तुम्हाला आवडेल तोच आकडा सांगतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या भागाचा रेडी रेकनर दरही पाहून ठेवा. सौदा त्या सरकारी मूल्याच्या बराच खाली झाला तर आयकराचा हिशेब सरकारी मूल्यावर होऊ शकतो.

पायरी २ : रंगाच्या आधी कागद

नागपुरात कोणत्याही लेआऊटमधल्या घराला पहिला प्रश्न येतो, ‘आरएल आहे का?’ लेआऊट नियमित होऊन डिमांड नोट भरल्यावर नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) दिलेलं ते पत्र नसेल तर कर्ज काढून घेणारे जवळपास सगळे बाद होतात आणि उरलेला भाव पाडून मागतो. आपल्याकडे गुंठेवारीचे, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेले लेआऊट भरपूर आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घ्यायचं राहिलं असेल तर आधी ते काम हाती घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून रंगाऱ्याच्या आधी तिथे जायचं.

नासुप्रच्या लीजच्या प्लॉटवर घर असेल तर लीज डीड, भूभाटकाच्या (जमिनीच्या भाड्याच्या) पावत्या, लीजची मुदत आणि नूतनीकरण, हस्तांतरणाची परवानगी, हे सगळं पाहा. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांना आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागते आणि तिच्यावर अजूनही आजोबांचंच नाव असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. फ्लॅट असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारतीतले फ्लॅट आणि सामायिक भाग नोंदवणारा दस्त), तुमचं खरेदीखत आणि देखभाल खर्च बाकी नसल्याचं पत्र काढून ठेवा.

आमच्या बाबतीत अडलं ते वारसांवर. टॅक्स पावतीवर आईचं नाव चढलेलं होतं, त्यामुळे घर आईचं झालं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. टॅक्स पावतीने मालकी ठरत नाही. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणजे आई, दादा, ताई आणि मी, चौघांचाही हक्क. ताईने आणि आम्ही दोघा भावांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर केलं, तेव्हा कुठे वकिलाने पुढे जायला सांगितलं. नोटरी केलेलं हक्कसोडपत्र चालत नाही, त्याची नोंदणीच लागते. ही गोष्ट घेणारा समोर बसलेला असताना निघाली असती तर तो उठून गेला असता.

मंजूर नकाशा काढा आणि घराशी ताडून पाहा. मागच्या बाजूला वाढवलेली खोली, बंद केलेली पोर्च, गच्चीवरची टिनाची शेड, हे बँकेचा व्हॅल्युअर नक्की पाहतो. नकाशात नसलेलं बांधकाम असेल तर ते नियमित होतं का, हे वास्तुविशारदाकडून समजून घ्या, आणि होत नसेल तर किंमत सांगताना ते धरून चाला.

घरावर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल तर मूळ कागद हातात आलेत का, हे बघा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आता घरातले सगळे बसून नावं तपासा. खरेदीखत, आधार, पॅन, तिन्हीवर नाव एकसारखं आहे का? एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही फाइल अडते. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, हेही पाहा. नसेल तर काय बिघडतं ते शेवटी येईल.

पायरी ३ : परक्या डोळ्यांनी घर पाहा

आपल्याला आपल्या घराची सवय झालेली असते. मी शेजारच्या काकूंना बोलावलं आणि म्हटलं, ‘काकू, तुम्ही हे घर घ्यायला आलात असं समजा आणि काय खटकतं ते सांगा.’ काकू गेटपासून निघाल्या. गेटची कडी दोनदा ओढावी लागते, पोर्चमधले दोन गट्टू खचलेत, बाथरूममध्ये वास येतो, मधल्या खोलीचा बल्ब लुकलुकतो. हॉलमध्ये येऊन त्या खिडकीजवळ थांबल्या. ‘कूलरखालची ही भिंत पाहूनच मी तर परत गेली असती, बापा.’

त्या बोलत होत्या आणि मी फोनवर रेकॉर्ड करत होतो. रात्री यादी केली आणि तिचे तीन भाग पाडले. पहिल्यात पाणी, तडे आणि वीज, म्हणजे शंका वाढवणाऱ्या गोष्टी. दुसऱ्यात घाण आणि मोडतोड, जी हातानेच निघते. तिसऱ्यात जुनाट दिसणं. खर्चाची वरची मर्यादाही त्याच रात्री ठरवली. माझं मत विचाराल तर कागदांचा खर्च वेगळा धरून दुरुस्ती आणि रंग मिळून अपेक्षित किमतीच्या एक टक्क्याच्या आत राहावं. पहिला भाग पूर्ण करायचा, दुसरा जवळपास पूर्ण करायचा, आणि तिसऱ्याला उरलेल्या पैशातून मिळेल तेवढंच.

पायरी ४ : घर रिकामं करा

रिकामं करण्याइतका स्वस्त आणि उपयोगी दुसरा उपाय नाही. मोकळी खोली मोठी दिसते आणि कपाटामागची ओल वेळेत सापडते. आमच्याकडे माळ्यावरून बाबांच्या हातचे वायरचे तुकडे भरलेले डबे निघाले, आणि आईचं पितळी घंगाळ निघालं. घंगाळ आईला पाठवलं, डबे कबाडीवाल्याला दिले. डबे देताना माझा हात अडखळला. म्हणून सांगतो, हे काम दलालाने फोन केल्यावर घाईत करू नका. दोन-तीन रविवार त्याला द्या, भावंडांना बोलवा, ज्याला जे हवं ते त्याच दिवशी घेऊन जाऊ द्या. कामाच्या गडबडीत हे केलं तर हवी ती वस्तू फेकली जाते आणि नको ती परत माळ्यावर चढते.

घरात राहत असतानाच विकायचं असेल तर निदान जास्तीची कपाटं, जुने पलंग आणि गच्चीवरची अडगळ काढा.

पायरी ५ : पाणी

इथे घाई करू नका. माझे ६ हजार इथेच गेले.

नागपुरात होळी झाली की कूलर चढतात आणि जूनच्या अखेरपर्यंत चालतात. चार महिने खिडकीत पाण्याचं यंत्र बसलेलं. टाकी थोडी झिरपते, वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्यांतून थेंब उडतात, खिडकीचा कट्टा आतल्या बाजूला उतरता असतो, आणि ते सगळं पाणी भिंतीत जातं. तीस वर्षांत त्या भिंतीचं काय होतं ते आमच्या हॉलमध्ये दिसत होतं. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले, त्यांच्याखाली पांढरा भुरभुरीत लोणा, बोट लावलं की मिठासारखा हातावर यायचा. मी पेंटरला म्हटलं, खरवडून पुट्टी मार आणि रंग दे. त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. पोकळ आवाज आला. तो म्हणाला, ‘भाऊ, पाणी आतून येऊन राह्यलं. याच्यावर कितीही पुट्टी मारा, श्रावण लागला का गळून पडन.’ मी ऐकलं नाही. त्याने सांगितलं होतं तसंच झालं.

योग्य क्रम असा. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. भिंतीवर साधारण फूटभर औरस-चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूने थेंब धरले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूने धरले तर ती हवेतली वाफ आहे. स्वयंपाकघरात आणि बाथरूमबाहेर हा फरक कळला की निम्मा खर्च वाचतो, कारण वाफेला वॉटरप्रूफिंग लागत नाही, खिडकी उघडी ठेवावी लागते.

ओल भिंतीतूनच असेल तर पाण्याचं मूळ बंद करा. आमच्याकडे ते कूलरच्या खिडकीचा कट्टा आणि गच्चीवरून उतरणारा पाइप, असं दोन्हीकडे होतं. कूलर काढला, खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, पाइपचा सांधा बदलला. मग ओलीच्या कडेपासून फूटभर पुढपर्यंत प्लास्टर विटेपर्यंत काढलं. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत विटेत जातो आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतो. भिंत वाळू द्यायची, मग वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घालून नवं प्लास्टर. त्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि रंगाआधी जवळपास महिनाभर थांबायचं. महिनाभर थांबणं कुणालाच जमत नाही, मलाही जमलं नव्हतं. पण ओल्या प्लास्टरवर दिलेला रंग टिकत नाही. एका खिडकीखालच्या भिंतीचं हे काम मिस्त्रीने ४२०० रुपयांत केलं.

स्लॅबचं तसंच. गच्चीवर उभं राहून ‘इथूनच गळत असेल’ असा अंदाज बांधू नका. पाणी जायची तोंडं रेतीच्या पोत्याने बंद करा, दीड-दोन इंच पाणी भरा, २४ तास ठेवा आणि खाली छतावर जिथे डाग उमटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. दोन इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला ५० किलो होतं. म्हणून ज्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात किंवा जो खाली झुकलेला दिसतो, त्यावर ही परीक्षा करू नका. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आमच्या गच्चीत गळती फक्त पॅरापेटच्या सांध्यात आणि पाइपच्या तोंडाशी निघाली. त्यामुळे सगळ्या स्लॅबवर नवा थर घालायचा खर्च टळला. सांधे भरून दोन हात कोटिंग मारून काम १८ हजार ५०० मध्ये झालं. हे काम उन्हाळ्यात करा, पण नागपूरच्या मे महिन्यात दुपारी नाही. तापलेल्या स्लॅबवर कोटिंग लावता लावताच सुकतं आणि धरत नाही. सकाळी ९ च्या आत आटपा.

पाण्याचाच भाग असलेली एक फुकटातली गोष्ट. बंद घरात जो गटाराचा वास येतो तो बहुतेकदा नहाणी ट्रॅप कोरडा पडल्यामुळे येतो. ट्रॅपमधलं पाणीच गटाराची हवा अडवून धरतं. पाहायला येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक नहाणीत आणि सिंकमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओता. काकूंना खटकलेला वास एवढ्याने गेला.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेनंतर नागपूरचा घेणारा आणखी एक प्रश्न विचारतो. त्या रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी भरली, आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीच्या खोलगट भागात घरांमध्ये पाणी शिरलं. तुमच्या घरात शिरलं असेल तर सांगा. किती वर आलं होतं आणि नंतर काय केलंत तेही सांगा. शेजारी सांगणारच आहेत. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, साध्या तपासणीत घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याचं कर्तव्य आहे. रंगाखाली झाकलेला दोष सौदा झाल्यावर निघाला तर ते प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

पायरी ६ : तडे

नागपूरच्या बऱ्याच भागात घराच्या पायाखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हलका पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरके जाणारे तडे मे महिन्यात उघडतात आणि सप्टेंबरात मिटल्यासारखे वाटतात. मे महिन्यात भरलेला तडा पावसाळ्यात फुगतो, सप्टेंबरात भरलेला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दोन महिन्यांनी तडा रेघेच्या पुढे गेला नसेल तर तो थांबलेला आहे. केसाएवढा असेल तर तोंड थोडं रुंद करून क्रॅक फिलर भरा, काम संपलं. ज्या तड्यात रुपयाचं नाणं कडेने शिरतं, जो भिंतीच्या आरपार आहे किंवा जो पुढे चाललाय, तिथे इंजिनिअरला दाखवून लेखी मत घ्या. ते मत फाइलमध्ये ठेवलं की घेणाऱ्याच्या मिस्त्रीने घातलेली भीती तिथेच थांबते.

पायाकडे पाणी जाऊ न देणं हा खरा इलाज आणि तो स्वस्त आहे. जोत्याभोवतीची फरसबंदी भिंतीपासून सुटली असेल तर ती फट भरा, भिंतीला लागून असलेल्या कुंड्या आणि वेल हलवा, गच्चीच्या पाइपचं तोंड अंगणाच्या उताराकडे फिरवा.

पायरी ७ : वीज, नळ, बिजागऱ्या

इथे फार लिहिण्यासारखं नाही. सगळे बल्ब एकाच रंगाच्या उजेडाचे लावा. तुटके स्विच, गळके नळ, अडकणाऱ्या कड्या, न लागणारी दारं, फाटक्या जाळ्या, हे एका दिवसात एका प्लंबरकडून आणि एका इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मेन बोर्डावर गळती विजेचं संरक्षण देणारा ब्रेकर नसेल तर तेवढा बसवा. आमचं सगळं ५८०० मध्ये झालं. वाळवी दिसली तर रंगाआधीच परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून काम करून घ्या आणि पावती-वॉरंटी जपून ठेवा, घेणारा ती मागतो.

बोअरिंगच्या पाण्याने नळांवर चढलेले पांढरे थर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने निघतात. तेच पाणी फरशीवर मात्र सांडू देऊ नका.

पायरी ८ : फरशी बदलू नका

ठेकेदाराच्या एस्टिमेटमधला सगळ्यात मोठा आकडा टाइल्सचा होता. आमच्या घरात चिप्सची जुनी फरशी आहे, काळपट झालेली, कडेने पिवळी पडलेली. काढून टाकायची का म्हणून एका फरशीवर मशीन फिरवून पाहिलं. तीस वर्षांचा थर निघाला आणि खालून हिरवे, काळे, पांढरे खडे असे वर आले की ताई गुडघ्यांवर बसून त्यावर हात फिरवत राहिली. लहानपणी याच फरशीवर तिने सागरगोटे खेळले होते. सगळ्या खोल्यांचं पॉलिश ११ हजारांत झालं.

चिप्स, कोटा, शहाबादी आणि मार्बल, या सगळ्यांत चुना असतो. अ‍ॅसिड तो चुना खातं आणि फरशी कायमची खरखरीत होते. संडास-बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड हॉलमध्ये आणू नका, लिंबूसत्वही नको. फेनाइल किंवा साधा साबण पुरतो. मशीनची राबडी भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर उडते, म्हणून पॉलिश आधी आणि रंगाचा शेवटचा हात नंतर.

पायरी ९ : आता रंग

एवढं सगळं झाल्यावर रंग. हॉल, स्वयंपाकघर आणि घराचा समोरचा भाग नीट करा. मागची भिंत आणि कंपाउंडची आतली बाजू सोडली तरी चालतं. आत पांढरट किंवा फिकट क्रीम, बाहेर हलका करडा किंवा क्रीम. एक भिंत गडद करायचा मोह आवरा. आतल्या खोल्यांना परवडणारं इमल्शन पुरेसं, आणि स्वयंपाकघरात धुता येईल असं घ्या.

पेंटरशी मजुरी वेगळी आणि सामान वेगळं ठरवा. सामान स्वतः आणा, आणि किती लागेल ते आधी काढा. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, दार-खिडक्या वजा जाता साधारण ३८०, वर छत १२०, एकूण ५००. भिंत नीट तयार असेल तर एका लिटरमध्ये एक हात साधारण १२० ते १३० चौरस फूट जातो. दोन हातांना ८ लिटर. कुणी या खोलीला २० लिटर सांगितलं तर विचारा, का लागतं. मोजणीतून दार-खिडक्या वजा होणार की नाही हेही आधीच बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतो. आमचा रंग २४ हजारांत झाला. गेट आणि ग्रिल घासून रेड ऑक्साइडचा हात देऊन काळा ऑइलपेंट मारला, त्याचे २६०० आणि साफसफाईचे ३५०० वेगळे.

पैसे उरलेच तर गच्चीवर चुन्याचा हात मारा. नागपूरकर ते दरवर्षी करतात. मे महिन्यात घर पाहायला आलेल्याला गच्चीखालच्या खोलीत पाऊल ठेवताच फरक कळतो. आम्ही तो चुना स्वतःच मारला.

मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, नवं सागवानी दार, वास्तूसाठी भिंत फोडणं, यांपैकी काहीच करू नका. दिशा विचारली तर कंपास दाखवा. ज्याला बदल हवा असेल तो स्वतःच्या मनाप्रमाणे करेल, आणि तुम्ही लावलेले दोन लाख किमतीत परत मागितले तर तो ते कधीच कबूल करणार नाही.

पायरी १० : दाखवणं

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि कुटुंबं त्याआधी घर ठरवायला पाहतात. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया आणि पुढे दसरा-दिवाळी हा बोलण्याचा काळ. पितृपक्षात बयाणा (इसाराची रक्कम) कुणी देत नाही, तेव्हा त्या पंधरवड्यात फोन येत नाहीत म्हणून किंमत उतरवू नका. स्लॅबचं काम उन्हाळ्यात करून पावसाळ्यातच घर दाखवायला काढलं तर गळत नाही हे घेणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. आम्ही तसंच केलं. भर पावसात आलेल्या दुसऱ्या कुटुंबाने हॉलच्या त्या भिंतीवर हात ठेवून पाहिलं आणि मग बाकीचे प्रश्न विचारले.

उन्हाळ्यात सकाळी ८ च्या आसपास किंवा संध्याकाळी ६ नंतरच बोलवा, आधी अर्धा तास खिडक्या उघडून ठेवा, घरातले सगळे दिवे लावा. एका टेबलावर फाइल ठेवा, पहिल्या पानावर कागदांची यादी. झेरॉक्स दाखवा, मूळ कागद घरात ठेवू नका. दलालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खरेदीखत किंवा आधारचे फोटो टाकू नका. देणं भागच असेल तर त्यावर आडवं ‘फक्त पाहण्यासाठी’ असं लिहून द्या. दलाली किती, कोण देणार, कधी देणार, हे पहिल्या भेटीतच लिहून घ्या.

पायरी ११ : बयाणा ते किल्ली

बयाणा चेकने किंवा खात्यातच घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि हे आगाऊ रकमेलाही लागू आहे. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो. सौद्याच्या करारात उरलेली रक्कम कधी, कब्जा कधी, कूलर-पंखे-पाण्याची टाकी घरासोबत जाणार की नाही, हे लिहा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो. पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेलं असेल तर तोच टीडीएस २० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून ते आधी तपासायला सांगितलं.

घर २४ महिन्यांहून जास्त तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाईची वजावट न घेता १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाईची वजावट धरून २० टक्के हा हिशेबही करून पाहता येतो आणि जो कर कमी असेल तो भरायचा असतो. नफ्यातून दलाली वजा होते. खोली वाढवणं, मजला चढवणं असा घरात भर घालणारा खर्च धरला जातो. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती मात्र धरली जात नाही. म्हणजे रंगावर उडवलेला जास्तीचा पैसा करातूनही परत येत नाही. घरात तुम्ही पुढे बांधलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती शोधा आणि सीएकडे बयाणा घेण्याआधी जा, नंतर नाही.

रजिस्ट्रीच्या आठवड्यात मनपाचा टॅक्स, महावितरणचं बिल आणि ओसीडब्ल्यूचं (ऑरेंज सिटी वॉटर) पाण्याचं बिल भरून पावत्या फाइलमध्ये लावा. कब्जा द्यायच्या दिवशी घेणाऱ्याला सोबत घेऊन विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि आकडे कब्जापत्रात लिहून दोघांच्या सह्या घ्या. गेटची, पोर्चची, मागच्या दाराची आणि गच्चीची, अशा सगळ्या किल्ल्या चिठ्ठ्या बांधून द्या. कूलरची खिडकी कशी बंद ठेवायची आणि गच्चीचं कोणतं तोंड पावसाआधी साफ करायचं, ते मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं आणि फाइलच्या शेवटच्या पानाला टाचलं.